कॅम्प चारहून कराची किती लांब?

विठ्ठलवाडी स्टेशनात पूर्वेला उतरायचं. बाहेर शेअर रिक्षांचा पुकारा चालूच असतो, 'लालचक्की, लालचक्की, व्हीनस!' मागे तिघं आधीच बसलेली, म्हणून तुम्ही ड्रायव्हरशेजारी अर्धं बूड टेकवून बसता आणि व्हीनस चौकात उतरता. हातात पत्त्याची चिठ्ठी आहे : बॅरेक नंबर, रूम नंबर, उल्हासनगर-४, पिन ४२१००४. बॅरेक काही दिसत नाही. दिसते ती पाच मजली इमारत. तिच्या तळाला मोबाइलचं दुकान आहे आणि शेजारी दाल-पकवानची गाडी. बॅरेक पडून जमाना झाला, पण लाइटबिलावर तिचा नंबर अजून चालू आहे. उल्हासनगरात हे सर्रास चालतं. माणूस राहतो फ्लॅटमध्ये आणि पत्ता सांगतो लष्कराचा.

गाडीमागच्या खुर्चीत एक काका बसलेले आहेत. जन्म सिंधमधला, मराठी कॅम्प चारचं. गप्पा निघतात आणि तुम्ही सहज विचारता, "काका, कराची इथून किती लांब हो?"

काका पकवानाचा तुकडा मोडतात. "कधीचं विचारता, भाऊ?"

प्रश्न बरोबर आहे. तुमच्या फोनकडे विचाराल तर तो मुंबई ते कराची सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर सांगेल, आणि विमानाला पावणेदोन तास. म्हणजे बेंगळुरूपेक्षा जरासं लांब आणि दिल्लीपेक्षा बरंच जवळ, कारण दिल्ली साडेअकराशेच्या आसपास आहे. पण हे पावणेदोन तास कुठल्या सालचे, ते फोन सांगत नाही. त्यासाठी साल बदलत हिंडावं लागेल. एकच अट : त्या सालच्या माणसाला जेवढं सामान नेता येत होतं, तेवढंच तुम्हाला नेता येईल.

तर चला, १५ ऑक्टोबर १९३२. शनिवार.

तुम्ही कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावर उभे आहात. पहाट नुकतीच फटफटली आहे. लांबवर एक प्रचंड काळी शेड दिसते. कराचीकर तिला 'काळा छपरा' म्हणतात. इंग्लंडहून येणाऱ्या आर-१०१ या हवाईजहाजासाठी ती बांधली. ते हवाईजहाज दोन वर्षांपूर्वी, ५ ऑक्टोबर १९३० ला, फ्रान्समध्येच कोसळून जळालं. कराचीपर्यंत आलंच नाही. शेड मात्र उभी आहे. तिच्यापुढे तुमचं विमान इवलंसं वाटतं. नाव 'पस मॉथ', एक इंजिन, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड. वैमानिक अठ्ठावीस वर्षांचे आहेत, जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा.

लंडनहून इम्पिरियल एअरवेजच्या विमानाने आलेलं टपाल इथवर पोचलं आहे. पुढे मुंबई-मद्रासला ते रेल्वेने जायचं, त्यात दिवस मोडायचे. आजपासून ते उडत जाणार. वजन ५५ पौंड, म्हणजे जेमतेम २५ किलो. तुम्ही त्या थैल्यांवर बसा. इतिहासात ही जागा रिकामी आहे, त्या विमानात जे.आर.डीं.खेरीज कोणी नव्हतं. पण तुमचं वजन पुढच्या शतकातलं आहे, १९३२ च्या पेट्रोलवर त्याचा भार पडायचा नाही. सामान मात्र काही नाही. फार तर खिशात एक बंद पाकीट ठेवा.

सहा पस्तीसला चाकं जमीन सोडतात. खाली शहर जागं होतंय. त्यात कुठेतरी नारायण जगन्नाथ हायस्कूल आहे, सिंधमधली पहिली सरकारी शाळा, १८५५ ची. ते नाव शिक्षणखात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याचं, नारायण जगन्नाथ वैद्य यांचं. मराठी माणूस कराचीत नोकरीला जायचा तेव्हा तो परमुलखात जात नव्हता. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. तुमच्या खिशातलं पाकीट आज एका प्रांताच्या एका शहरातून त्याच प्रांताच्या दुसऱ्या शहरात चाललं आहे. आंतरराष्ट्रीय हद्द म्हणावी अशी काही मध्ये नाहीच.

विमानात रेडिओ नाही. नकाशा, होकायंत्र आणि डोळे, एवढ्यावर भिस्त. सिंधूच्या मुखाचे फाटे उन्हात चमकतात, मग सुरू होतं कच्छचं रण. पांढरं आणि सपाट, नजर टेकवायला काही नाही. ऑक्टोबरचं ऊन चढतं तशी तापलेली हवा खालून ढुशा देऊ लागते. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्य नसतं. बरंच आहे. तुम्ही जे.आर.डीं.ना काय विचारणार होता? पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही.

अहमदाबादला उतरायचं, कारण टाकी तेवढीच आहे. इथे थोडं थांबून बघा. पलीकडून एक बैलगाडी येते आहे, खडखडत, तिच्या वेगाने. गाडीत बर्मा शेलच्या पेट्रोलचे डबे. गाडीवान बैल सोडत नाही, नुसतं जू जरा सैल करतो. डबे एकेक करून उतरतात आणि हाताने विमानाच्या टाकीत रिकामे होतात. टाटांच्या टपालसेवेचं वाटेतलं पहिलं पेट्रोल भरणं ते हेच. बैलांना विमानाचं काही अप्रूप वाटलेलं दिसत नाही.

कराचीहून अहमदाबाद, तिथून मुंबई, या वळशाने ८८० चे हजाराहून जास्त किलोमीटर झाले आहेत. सुरत मागे पडतं, डहाणू जातं, वसईची खाडी येते. हवा स्वच्छ असेल तर डावीकडे लांब मलंगगडाचा सुळका ओळखू येईल. त्याच्या अलीकडे आशेळे, माणेरे ही गावं, कापणीला आलेली भातं आणि वालधुनी नदी. जिथे तुम्ही मघाशी पकवान खाल्लं, तिथे अजून काही नाही. बॅरेक नाही, कॅम्प नाही आणि चार नंबर तर नाहीच नाही.

एक पन्नासला जुहू. ही धावपट्टी म्हणजे किनाऱ्यालगतचं सपाट मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, मग टाटांना सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागतं. आज मात्र जमीन कोरडी आहे. जे.आर.डीं.चे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट थैल्या ताब्यात घ्यायला हजर आहेत, ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेणार. तुम्ही घड्याळ बघा. सव्वासात तास, बैलगाडीचा वेळ धरून.

हा आकडा ध्यानात ठेवा.

आता जानेवारी १९४८. फाळणी होऊन गेली आहे.

कराचीच्या केमारी बंदराचा धक्का. ६ तारखेला शहरात दंगल झाली. तोवर जे 'बघू, निवळेल' म्हणत थांबले होते त्यांचाही धीर सुटला आहे. यावेळी सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि एक गाठोडं. गाठोडं तपासणीच्या टेबलावर सोडलं जातं. आतून भांडी निघतात, गोधड्या निघतात, एक लोटा, आणि एका कुटुंबाचं किल्ल्यांचं जुडगं. ज्या घराच्या त्या किल्ल्या आहेत त्याला बाहेरून कुलूप लावून मंडळी आली आहेत. शिपाई जुडगं उचलतो, वाजवतो आणि परत ठेवतो. किल्ल्यांना मनाई नाही.

ज्यांच्यापाशी पैसा होता ते विमानाने गेले. डाकोटाने साडेतीन-चार तासांत ते मुंबईत उतरले. म्हणजे १९३२ च्या निम्म्या वेळात. यंत्र सुधारलं होतं, यात शंका नाही. पण ते सगळ्यांसाठी सुधारलं नव्हतं. तुम्ही बोटीवर आहात, डेकवर, आणि ट्रंकेला टेकून बसायची जागा मिळाली हेच नशीब. समुद्रमार्गे अंतर पाचशे सागरी मैलांच्या आसपास. म्हणजे दोन दिवस, दोन रात्री, आणि मुंबईच्या बाहेर नांगर टाकून तिष्ठत राहावं लागलं तर आणखी. जानेवारीचा समुद्र शांत असतो. ओकारी त्याने येत नाही. ती येते तेलाच्या वासाने आणि गर्दीने. रात्री गार वारा सुटतो आणि गाठोड्यातल्या गोधड्या एकेक करून बाहेर निघतात. शेजारची बाई पोराला थोपटत त्याला सांगते आहे की दोन महिन्यांत परत यायचं आहे, तुझी पतंग मी माळ्यावर ठेवली आहे.

याच महिन्यात उर्दू कथाकार सआदत हसन मंटो मुंबईहून बोटीने कराचीला निघाले. ही बोट इकडे, ती बोट तिकडे. कुठल्या रात्री कोण कोणाला ओलांडून गेलं ते समुद्रालाच माहीत.

मुंबईच्या गोदीत पाय टेकता आणि पहिली मराठी कानावर पडते ती हमालाची, 'बाजूला, बाजूला व्हा!' गाडी तुम्हाला कल्याणला आणून सोडते. पुढे कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने उभारलेली ही छावणी, दोन हजारांहून जास्त बराकी, पाच भागांत वाटलेल्या. लढाई संपली, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. त्यात आता कुटुंबं भरायची आहेत. पुढे त्यांची मोजदाद नव्वद हजारांवर जाईल. असेच निर्वासित पिंपरीला, चेंबूरला, देवळालीला, मुलुंडला जात आहेत. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यालाही जात आहेत, जिथे आत्ताआत्तापर्यंत पोलंडचे निर्वासित राहत होते. सरकारपाशी जिथे म्हणून रिकामं छप्पर होतं, तिथे सिंध उतरलं.

चार नंबर कॅम्प रुळांच्या पूर्वेला आहे. तुमच्या वाट्याला बराकीचा एक तुकडा येतो. छप्पर उंच आहे आणि आत एकही भिंत नाही. सैनिकांच्या खाटा ओळीने मांडायला ते ठीक होतं. आता त्याच ओळीत सासू-सुना, बाळंतिणी, आजारी म्हातारे. संध्याकाळपर्यंत दोऱ्या बांधून होतात आणि त्यांवर गोणपाट, साड्या, चादरी चढतात. पडद्याला पलीकडून कोणाचा तरी हात लागतो आणि कापड फुगतं. पडद्यापलीकडचं कुटुंब शिकारपूरचं, तुमचं कराचीचं. एरवी त्यांची कधी गाठही पडली नसती, आता त्यांचा खोकला पाठ होतो. पाण्याची रांग सार्वजनिक, संडासाची रांग सार्वजनिक. बाहेर गवत माजलेलं आहे आणि साप आहेत. रात्री मलंगगडाचा काळा आकार दिसतो. घरच्या किल्ल्या बराकीच्या खांबाला ठोकलेल्या खिळ्यावर लटकतात.

कराची अजून ८८० किलोमीटरच आहे. पण इथे सकाळी पापड लाटायला बसलेल्या बायकांना विचारा. परत जायला किती वेळ लागेल, हे त्या महिन्यांत सांगतात. पुढच्या साली वर्षांत सांगतील. त्यानंतर विषयच काढणार नाहीत. बायका पापड लाटतात आणि पुरुष लोकलमध्ये पेनं, गोळ्या-बिस्किटं विकतात. भीक मागितली नाही, हे सिंधी समाज आजही छातीठोकपणे सांगतो, आणि मला ते खरंच वाटतं. फक्त त्या अभिमानाच्या गोष्टीत पडद्यापलीकडचा खोकला येत नाही. तो यायला हवा.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी येतात, कोनशिला बसते आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर होतं. उल्हास नदीवरून नाव. त्यात उल्हास किती होता हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारला नसावा.

पुढची सालं भराभर उलटू. १९५१ च्या सप्टेंबरअखेर पाकिस्तान आपली घड्याळं भारताच्या अर्धा तास मागे नेतं. तोवर कॅम्प चारमध्ये आणि कराचीत एकाच वेळी सहा वाजायचे. आता इथे सहा वाजले की तिथे साडेपाच. घड्याळातला हा अर्धा तास कोणत्याही विमानाने भरून निघत नाही. १९६५ च्या युद्धात दोन्ही देशांमधली विमानसेवा तुटते आणि अकरा वर्षांनी, १९७६ मध्ये, पुन्हा सांधली जाते.

या अकरा वर्षांत एका रात्री मात्र उतरायलाच हवं. ४ डिसेंबर १९७१. आज सामान काही नाही. आज मुंबईकडून कराचीकडे जे निघालं आहे त्यात प्रवासी नाहीत. कॅम्प चारमध्ये ब्लॅकआउट आहे. खिडक्यांना काळे कागद लागलेत आणि रस्त्यातून कोणीतरी 'दिवा बंद करा' म्हणून ओरडत जातंय. तुम्ही अंधारात रेडिओला कान लावून बसलेल्या माणसांत आहात. बराकीत आता पक्क्या भिंती आहेत. तिकडे समुद्रात निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या आहेत. मुळात त्या किनाऱ्यालगत राखण करायला बनवलेल्या छोट्या नौका. त्यांना एवढ्या लांबचा पल्ला मारायला लावणं हेच भारतीय नौदलाचं डोकं होतं. चार रात्रींनी, ८ तारखेला, पुन्हा हल्ला होतो. केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटतात आणि आग दिवसचे दिवस विझत नाही.

बातमी कॅम्पात पोचते. जल्लोष होतो, पेढे वाटले जातात. हे देशाशी इमान असलेलं गाव आहे, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. पण कोपऱ्यातली एक म्हातारी 'केमारी' हा शब्द ऐकते आणि विचारते, 'धक्का पण जळाला का?' तिला उत्तर कोणी देत नाही. तिथूनच ती बोटीत चढली होती. ४ डिसेंबर आता नौदल दिन म्हणून पाळला जातो आणि मुंबईत गेटवेला सोहळा होतो. कॅम्प चारहून तो बघायला जायचं तर लोकलने दीड तास लागतो.

१५ ऑक्टोबर १९८२. जे.आर.डी. ७८ वर्षांचे झाले आहेत. पन्नास वर्षं पुरी झाली म्हणून ते पुन्हा कराचीहून मुंबईला निघतात, एका इंजिनाच्या जुन्या लेपर्ड मॉथमधून. वीस वर्षांपूर्वी, १९६२ मध्येही त्यांनी हे केलं होतं. सगळे टाळ्या वाजवतात, आणि वाजवायलाच हव्यात. पण यावेळी वाटेत एक आंतरराष्ट्रीय सरहद्द आहे आणि या उड्डाणासाठी दोन सरकारांची परवानगी लागली आहे. १९३२ मध्ये लागले होते ते पेट्रोलचे डबे.

आणि मग आजचा दिवस. तुमच्या फोनवरचे पावणेदोन तास खरे आहेत, पण ते जेट विमानाच्या पोटातले तास. मुंबई-कराची थेट विमान शेवटी पाकिस्तानच्या सरकारी कंपनीचं उरलं होतं, तेही गेल्या दशकात बंद पडलं. मधल्या काळात २००२ ते २००४ अशी दोन वर्षं आकाशच बंद होतं, २०१९ मध्ये पुन्हा काही महिने. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना दारं लावली. मुनाबावमार्गे जाणारी थर एक्सप्रेस २००६ मध्ये मोठ्या कौतुकाने सुरू झाली होती, ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबली. विमानं जसजशी वेगवान होत गेली, तसतसा हा एक प्रवास लांबत गेला. जगात इतरत्र याच्या उलट घडलं आहे.

तरी जायचंच असेल तर हिशेब करू. थेट विमान नाही, म्हणून दुबई. मुंबई ते दुबई १,९०० किलोमीटरहून जास्त, दुबई ते कराची सुमारे १,१९०. म्हणजे ८८० किलोमीटरसाठी ३,१०० किलोमीटरचा फेरा, तोही आधी पश्चिमेला कराची ओलांडून पुढे जायचं आणि मग मागे यायचं असा. कॅम्प चारमधले कापडवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले दुबईला नेहमी जातात-येतात. तिथल्या बाजारात त्यांची कराचीच्या सिंध्यांशी गाठ पडते. भाषा तीच, आडनावांचा थाट तोच, मग चहा होतो आणि कोण कुठल्या मोहल्ल्याचं याची चौकशी होते. शेजारच्या शहरातल्या माणसाला भेटायला तिसऱ्या देशाची जमीन लागते. पण भेट होते, हेही खरं.

कागदाचा प्रवास आणखी वेगळा. कराचीतली भारताची वाणिज्य वकिलात १९९४ मध्ये बंद झाली. त्यानंतर २०२५ पर्यंत कराचीच्या माणसाला भारताचा व्हिसा हवा तर अर्ज इस्लामाबादला करावा लागे. ते कराचीहून सुमारे अकराशे किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा लांब. तुमचा अर्ज दिल्लीला, तेही मुंबईहून कराचीपेक्षा लांब. दोन्ही बाजूंनी परवानगी मुक्कामापेक्षा दूर राहते. ती मिळालीच तर व्हिसावर शहरांची नावं लिहिलेली असतात. कराची लिहिलं असेल तर कराचीच. आजोबांचं गाव शिकारपूर असेल आणि ते लिहून घ्यायचं राहिलं असेल, तर ते पुढच्या खेपेला.

समजा सगळं जमलं. मग विठ्ठलवाडीहून लोकल, घाटकोपरला मेट्रो, मरोळहून रिक्षा, असे सहार विमानतळावर पोचायला दोन तास. तिथे उड्डाणाच्या तीन तास आधी हजर राहायचं. दुबईपर्यंत सव्वातीन तास, उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे. तिथला थांबा चार तासांचा धरू. कराचीपर्यंत दोन तास, घड्याळ एक तास पुढे. दाराला कुलूप लावल्यापासून बेरीज सव्वाचौदा तासांची होते, म्हणजे १९३२ च्या टपालाला लागले त्याच्या जवळजवळ दुप्पट. व्हिसाची वाट बघण्यात गेलेले दिवस यात धरलेले नाहीत.